एर्लांगेनचा राहिलेला होकार

एर्लांगेनमध्ये राहायला आलेल्या मराठी माणसाला दोन गोष्टी चुकत नाहीत. एक म्हणजे परदेशी नागरिकांच्या कचेरीत नंबर लावून घालवलेली सकाळ, आणि दुसरी म्हणजे सुलेखा धारप यांच्या शेजारी बसून खाल्लेली बोलणी.

सुलेखाबाई गाडी चालवायला शिकवतात. भारतातलं लायसन्स जर्मनीत सहा महिने चालतं. त्यानंतर पुण्याच्या रस्त्यांवर दहा वर्षं गाडी हाकलेल्या पठ्ठ्यालाही पुन्हा बिगरीत बसावं लागतं. असा माणूस मोठ्या ऐटीत सुलेखाबाईंच्या करड्या गाडीत येऊन बसतो आणि म्हणतो, "तशी मला येतेच हो काकू, फक्त परीक्षेपुरतं दाखवा." दहा मिनिटांनी त्याचे कान लाल झालेले असतात. त्यानं हॉर्न वाजवला की बाई ओरडत नाहीत. गाडी कडेला घ्यायला लावतात आणि अगदी शांतपणे विचारतात, "कोणाला हाक मारलीत?" उजवीकडे वळताना त्यानं खांद्यावरून मागे पाहिलं नाही, तर मात्र आवाज चढतो. "शुल्टरब्लिक! मागनं सायकलवाला येतोय की नाही ते तुमच्या वतीनं देवानं बघायचं का?" आणि एर्लांगेनमध्ये मागनं सायकलवाला येत नाही असा क्षण शोधूनही सापडायचा नाही. तिथल्या मराठी मंडळाचा सध्याचा अध्यक्ष निहार त्यांच्याकडे शिकून दोनदा नापास झाला होता. आता तो चांगला दोन लेकरांचा बाप आहे, तरी सुलेखाबाई दिसल्या की अजून पाठ ताठ करून बसतो.

बाई मूळच्या कराडच्या. वडिलांचं ट्रकदुरुस्तीचं गॅरेज होतं. मुलगा नव्हता, आणि असता तरी वडिलांनी काही वेगळं केलं असतं असं नाही. सोळाव्या वर्षी ही पोरगी आवारातले ट्रक पुढेमागे करायला लागली होती. तिला बघायला आलेले श्यामकांत धारप हे चिंचवडचे इंजिनियर. एर्लांगेनच्या मोठ्या विजेच्या कंपनीत नुकतीच नोकरी लागलेली, केसांना तेल, बोलणं मोजकं. चहापोहे झाल्यावर दारातला एक ट्रक त्यांच्या टॅक्सीच्या आड आला, तर मुलीनंच उठून तो काढून दिला. श्यामकांतरावांनी तिथल्या तिथे होकार कळवला. आयुष्यात त्यांनी कधी काही ताबडतोब ठरवलं असेल, तर ते तेवढंच.

कारण श्यामकांतराव म्हणजे विचार करणारा माणूस. टर्बाइनचं पातं कुठे तडकेल ते दोन देशांतले लोक त्यांना विचारायला यायचे, पण हॉटेलात इडली घ्यावी की डोसा यावर यांचं एकमत व्हायला वेटरला तीनदा यावं लागायचं. सुलेखाबाईंनी त्यांना गाडी शिकवायचा प्रयत्न करून पाहिला. एकदा ते हिरव्या सिग्नलला गाडी थांबवून बसले. "अहो, हिरवा आहे!" तर म्हणाले, "हो, पण केव्हाही पिवळा होईल." मागे जर्मन गाड्यांची ही रांग. त्या दिवसापासून धारपांच्या घरात गाडी बाई चालवतात आणि साहेब शेजारी बसून नकाशा बघतात.

ड्रायव्हिंग शिकवण्याचा धंदा त्यांच्याकडे आपण होऊन आला. एका फाहरशूलमध्ये, म्हणजे ड्रायव्हिंग शाळेत, त्या फोन घ्यायला लागल्या होत्या. मालकानं एकदा त्यांना मागच्या अरुंद अंगणातून गाडी एका दमात उलटी बाहेर काढताना पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "फ्राऊ धारप, तुम्ही फोनवर काय करताय?" मग परीक्षा झाल्या, ट्रकचंही लायसन्स झालं. सुरुवातीला विद्यार्थी दारात या बाईंना पाहून परत जायचे. मग एका खेडवळ आजोबांची नात पहिल्याच फटक्यात पास झाली. आजोबांनी ती बातमी बिअरच्या दुकानात सांगितली, आणि पुढे रांग लागली. आता बाईंची जर्मनही त्याच आजोबांच्या वळणाची आहे. म्युनिकच्या माणसाला ती अर्धी समजते.

एवढं सगळं सांगायचं कारण असं, की ही बाई कुणाला घाबरणारी नव्हती, कुणावर अवलंबून नव्हती, आणि तरीही चोवीस वर्षं एर्लांगेनच्या मराठी मंडळात ती पाहुणी म्हणून जात होती. गणपतीला गेली की दारात पाहुण्यांचं तिकीट काढायची, पाहुण्यांच्या खुर्चीत बसायची. नव्यानं आलेल्या विद्यार्थ्यांना वाटायचं, ह्या काकू परगावच्या असाव्यात. मग जेवणं झाल्यावर ह्याच काकू स्वयंपाकघरात शिरून कुठलं पातेलं कुठल्या कपाटात जातं ते सगळ्यांना ओरडून सांगायच्या, आणि विद्यार्थी चक्रावून जायचे.

त्याचं असं झालं.

मंडळ स्थापन झालं त्र्याऐंशी साली. जर्मनीत मंडळ काढायचं तर घटना लागते. घटना लिहायची कुणी? श्यामकांतराव म्हणाले, मी बघतो. इथल्या कुठल्याही गाण्याबजावण्याच्या मंडळाची घटना समोर ठेवून नक्कल केली असती तरी चाललं असतं. पण यांनी चिंचवडला वडिलांना पत्र टाकलं. वडील आपल्या हाउसिंग सोसायटीचे सेक्रेटरी होते आणि सोसायटीची घटना त्यांनी स्वतः, रात्र रात्र बसून, केली होती. तीच मागवली, जर्मनमध्ये उतरवली, आणि जिथे जिथे 'गाळा' होता तिथे तिथे 'कुटुंब' घातलं. पाण्याच्या टाकीचं कलम तेवढं काढून टाकलं. सोसायटीत दर गाळ्याला एक मत होतं. म्हणून एर्लांगेनमध्ये दर कुटुंबाला एक मत झालं, आणि ते कुटुंबप्रमुखानं द्यायचं. ज्या देशाच्या राज्यघटनेत बायका आणि पुरुष समान आहेत असं आधीपासून छापलेलं, त्या देशात येऊन आमच्या हुशार इंजिनियरांनी बायकांना गाळ्यात बसवलं, आणि बारा-तेरा वर्षं ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

लक्षात आलं ते शहाण्णव साली. तोवर गावोगावच्या मराठी मंडळांचा एक महासंघ झाला होता आणि सगळ्यांनी एर्लांगेनचीच घटना उचलली होती. नेकारसुल्मच्या बायकांनी पहिला दगड मारला: प्रत्येक प्रौढ माणसाला एक मत, मग ते नवरा असो, बायको असो, जर्मन सून असो. नियम असा होता, की तीन-चतुर्थांश शाखांनी हो म्हटलं की घटनादुरुस्ती सगळ्यांना लागू. नेकारसुल्म हो म्हणालं, झिंडेलफिंगेन हो म्हणालं. मग एर्लांगेनची पाळी आली.

सभा चर्चच्या सभागृहात होती. गाडीत सुलेखाबाईंनी विचारलं, "अहो, तुम्ही हो म्हणणार ना?" श्यामकांतराव म्हणाले, "बघू." धारपांच्या घरात 'बघू' म्हणजे बहुतेक होच असायचं, म्हणून त्या निर्धास्त होत्या. आत पुरुषांचं मतदान सुरू झालं. ठराव बायकांच्या मताचा, आणि बायका स्वयंपाकघरात पोह्यांवर लिंबू पिळतायत. मधल्या भिंतीत ताटं पुढे सारायची खिडकी होती, तिच्यातून बाईंना सगळं दिसत होतं. "विरोधात?" म्हटल्यावर बरेच हात वर गेले. एक हात उशिरा, अंमळ रेंगाळत वर आला. निळी बाही. सकाळी इस्त्री बाईंनीच केली होती.

त्या हातात त्यांचंही मत होतं. घरटी एकच मत ना! म्हणजे बायकांना मत नको, असं सुलेखा धारप यांनीही म्हटलं असा त्याचा हिशेब झाला. बाईंना एवढा अपमान कधी वाटला नव्हता. शिकायला आलेल्या पोरांनी तोंडावर 'मला पुरुष शिक्षक हवा' म्हटलं तेव्हाही नाही. त्यांनी गॅस बंद केला, हात पुसले, किल्ली उचलली आणि घरी निघून गेल्या. श्यामकांतराव बसनं आले, पोह्यांचं रिकामं पातेलं मांडीवर घेऊन.

"अगं, ते तात्त्विक होतं," ते म्हणाले.

"जेवणही तात्त्विकच आहे," बाई म्हणाल्या आणि झोपायला गेल्या.

पुढे दोन-तीन महिन्यांत बाकीच्या शाखांनी मान्यता दिली आणि दुरुस्ती लागू झाली, एर्लांगेनलाही. बायका सभासद झाल्या, खजिनदार झाल्या, सेक्रेटरी झाल्या. कुणी कुणाला अडवलं नाही. पण एर्लांगेननं दिलेला नकार तसाच राहिला, तो कुणी मागे घेतला नाही. सुलेखाबाईंनी सांगून टाकलं, "दार बाहेरच्यांनी ढकलून उघडलंय. घरच्यांनी कडी काढलेली नाही. ज्या दिवशी काढतील त्या दिवशी मी सभासद होईन. तोवर पाहुणी." लोक हसले, आणि काही वर्षांनी विसरलेही. बाई विसरल्या नाहीत. संसार छान झाला. मुलगी तनया शिकली, हाम्बुर्गला डॉक्टर झाली. नवरा-बायको दर उन्हाळ्यात डोंगरात जाऊन आले. पण बुटात खडा राहावा तसा तो हात राहिला होता. चालता येत होतं. विसरता येत नव्हतं.

दोन हजार वीसचा जानेवारी. गाडीत चालकाच्या जागी ईप्सिता बसली होती. नाशिकची मुलगी, विद्यापीठात मेंदूच्या स्कॅनवर पीएच.डी. करणारी, आणि बाईंच्या मते मेंदू तिथेच ठेवून गाडीत येणारी. रेडिओवर बातम्या लागल्या होत्या. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याच्या विधिमंडळानं स्त्री-पुरुष समान हक्कांच्या घटनादुरुस्तीला अखेर मान्यता दिली. दुरुस्ती संसदेनं पाठवली होती ती जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वी.

"काकू, पन्नास वर्षं? डेडलाइन तर केव्हाच होऊन गेली असेल ना?"

"झालीच आहे. तिसऱ्या गियरमध्ये घाल."

"मग आत्ता हो म्हणून यूज काय?"

बाईंनी रेडिओ बंद केला. म्हणाल्या, "त्या कोपऱ्यावर थांब. नीट थांब, फुटपाथवर चढू नकोस." गाडी थांबली आणि त्यांनी ईप्सिताला सगळी हकीकत सांगितली: गाळे, कुटुंबं, खिडकी, निळी बाही. ईप्सिता आधी हसली, मग फोनवर काहीतरी शोधायला लागली.

"काकू, हे ऐका ना. गुलामगिरी बंद करणारी घटनादुरुस्ती. मिसिसिपीनं तिला हो म्हटलं नाइंटीन नाइंटीफाइव्हमध्ये! एकशे तीस वर्षांनी!"

"म्हणजे आमच्या सभेच्या आदल्या वर्षी," बाई म्हणाल्या. "बघ, आमच्यापेक्षा लेट लतीफ आहेत जगात."

"मग एर्लांगेनचंही करू या. फेब्रुवारीत ॲन्युअल मीटिंग आहे. मी मेंबर आहे, मी मांडते ठराव. पास तर होणारच, ना?"

"पास होईल गं. ते मला ठाऊक आहे." बाई समोरच्या काचेतून बघत राहिल्या. "मला एक हात बघायचाय. तेवढाच."

त्या रात्री जेवताना त्यांनी विषय काढला. तनया फोनच्या स्क्रीनवर होती. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र जर्मनमध्ये. तिचं म्हणणं पडलं, की हे सगळं निव्वळ प्रतीकात्मक आहे, आई, सोडून दे. श्यामकांतरावांना तेवढा आधार मिळाला.

"बरोबर आहे तिचं. आणि हे बघ, आपल्या ह्या बायर्न राज्याच्या विधिमंडळानं एकोणपन्नास साली जर्मनीच्या राज्यघटनेला चक्क नाही म्हटलं होतं. पुढे हो म्हटलेलंच नाही. आजतागायत! बाकीच्या राज्यांनी म्हटलं म्हणून इथेही लागू झाली. अडलं का काही? रस्ते आहेत, शाळा आहेत, बिअर आहे."

"बायर्नशी माझं लग्न झालेलं नाही," बाई म्हणाल्या.

स्क्रीनवरची तनया तोंडावर हात ठेवून हसली आणि घाईघाईनं निरोपाचं 'च्यूस' करून पळाली.

श्यामकांतराव भातात आमटी कालवत राहिले. मग त्यांनी विचारलं, "तुला अजून ते लागून राहिलंय?"

"हो."

"चोवीस वर्षं?"

"तुम्ही कधी विचारलंत का? आत्ता विचारलंत, आत्ता सांगितलं."

"मग या खेपेला..."

"या खेपेला मी विचारणार नाहीये. मागं विचारलं तर 'बघू' म्हणालात. आता मीच बघते."

फेब्रुवारीतला रविवार उजाडला. परदेशात सणांना रविवारपर्यंत थांबावं लागतं, त्यामुळे संक्रांतीचं हळदीकुंकू फेब्रुवारीत, आणि हॉलचं भाडं एकदाच भरायचं म्हणून त्याला जोडूनच वार्षिक सभा. एका टेबलावर तिळगूळ आणि वाणाच्या वाट्या, दुसऱ्यावर सभेचा अजेंडा. सुलेखाबाई काळी चंद्रकळा नेसून आल्या, दारात पाहुण्यांचं तिकीट काढलं आणि मागच्या रांगेत बसल्या. श्यामकांतराव सभासदांत, दुसऱ्या रांगेत, भिंतीकडेला. गाडीत येताना दोघंही एक अक्षर बोलले नव्हते. नकाशा न लागणाऱ्या रस्त्यावर साहेबांनी नकाशा उघडून धरला होता, एवढंच.

निहारनं सभा सुरू केली. पोरगा कामाला चांगला, पण दोन वाजता जेवण आणि त्याआधी बारा विषय, त्यामुळे सुसाट सुटला होता. मागच्या वर्षीचा अहवाल, टाळ्या. नवा माइक घेणे, टाळ्या. मग ईप्सिताचा विषय आला. ती उठून उभी राहिली, आणि पाठ केलेलं सगळं विसरून एका दमात म्हणाली, "एकोणीसशे शहाण्णवच्या घटनादुरुस्तीला एर्लांगेन शाखेनं मान्यता दिलेली नव्हती, ती आता द्यावी, असा ठराव मी मांडते, थँक यू." आणि बसली.

सभागृहात कुजबुज झाली. तरुण मंडळींना हे माहीतच नव्हतं. "म्हणजे आपण बायकांना व्होट दिलेलाच नाहीये?" कुणीतरी विचारलं आणि हशा पिकला. कुणाच्या तरी जर्मन जावयानं शेजारी बायकोला काय झालं म्हणून विचारलं, तिनं सांगितलं, आणि त्याचा चेहरा असा झाला की पुन्हा हशा पिकला.

निहारनं घड्याळ बघितलं. "आल्झो, तर याला कोणाचा विरोध असण्याचं कारणच नाही. सर्वानुमते, टाळ्यांच्या गजरात मंजूर!"

कडाडून टाळ्या झाल्या. मराठी सभेत एकदा टाळ्या पडल्या की विषय संपला. ठराव मंजूर करायची आपली रीतच ती. तेराव्या सेकंदाला निहार पार्किंगवर आला होता. "पुढचा विषय, कार्यक्रमाला येताना गाड्या कुठे..."

मागच्या रांगेत सुलेखाबाई थक्क होऊन बसल्या होत्या. एवढ्या वर्षांचं ओझं दहा सेकंदांच्या टाळ्यांत पार पडलं होतं आणि त्यांना काहीच दिसलं नव्हतं. समोर नुसती डोकी. टाळ्या सगळ्यांनीच वाजवल्या. त्यांत दुसऱ्या रांगेतल्या भिंतीकडच्या माणसानं वाजवल्या की मांडीवर हात ठेवून बसला, ते देवाला ठाऊक. त्या उठल्या.

"थांबा. हात मोजा."

निहारची पाठ आपोआप ताठ झाली. "काकू... म्हणजे, मंजूर झालाय ठराव. तुमच्या बाजूनंच झालाय."

"झाला असेल. हात मोजा."

"पण काकू," निहार अगदी काकुळतीला आला, "तुम्ही पाहुण्या आहात ना. पाहुण्यांना सभेत हरकत घेता येत नाही. घटनेत तसं आहे."

कुणी हसलं नाही. बाई उभ्याच राहिल्या. आपण स्वतःच बांधलेल्या भिंतीवर आपलंच डोकं आपटलंय हे त्यांना कळलं, आणि एवढ्या माणसांत डोळ्यांत पाणी येतंय की काय अशी भीती वाटली. म्हणजे हा हात आता कधीच दिसायचा नाही. घरी जाऊन विचारावं लागणार, आणि ते म्हणणार, अगं, टाळ्या वाजवल्या की.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेतली भिंतीकडची खुर्ची वाजली. श्यामकांतराव उठले होते.

"मी सभासद आहे," ते म्हणाले. "माझी हरकत आहे."

बाईंना ती निळी बाही आठवली. पुन्हा?

"काका, तुमचा ठरावाला विरोध आहे?" निहारनं विचारलं.

"टाळ्यांना आहे." श्यामकांतराव बोलायला लागले तर त्यांचा आवाज नव्या माइकशिवाय पहिल्या रांगेतही पोचेना, लोक पुढे वाकून ऐकायला लागले. "शहाण्णव साली आम्ही नाही म्हटलं, ते टाळ्या वाजवून नव्हतं म्हटलं. हात वर केले होते आणि मोजले होते. नाही म्हणताना हात मोजले, मग हो म्हणताना टाळ्यांत का उरकायचं? ज्यांनी हात वर करून नाही म्हटलं, त्यांनी हात वर करूनच हो म्हणायला पाहिजे. आमच्यातले आता चार-पाचच उरलोय इथं. सोपं आहे मोजायला."

तो माणूस सभेत एवढं सलग बोललेला कुणी ऐकला नव्हता. खाली बसेल असं वाटलं, पण बसला नाही.

"ती घटना माझ्या वडिलांची. मी तिचं जर्मन केलं. तिच्यातला शब्द बदलायचा म्हणजे वडिलांना खोडायचं, असं मला तेव्हा वाटलं. बाकी तत्त्व वगैरे काही नव्हतं. तत्त्व मी घरी जाऊन सांगितलं." इथे कुणीतरी खुदकन हसलं. "वडिलांचं काही चुकलं नव्हतं. त्यांनी गाळ्यांसाठी लिहिलं होतं, गाळ्यांना ते बरोबर होतं. चूक माझी. मी बायकोला गाळ्यात मोजलं. आता निहार, नीट विचार. बाजूनं कोण, विरोधात कोण. आणि हिला मत द्यायला सांगू नका, ती पाहुणी आहे ते बरंच आहे. ह्याला हो म्हणायचं काम तिचं नाहीये. आमचं आहे."

सुलेखाबाई मागच्या रांगेतून पुढे आल्या. खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं अर्ध्यापर्यंत आल्या आणि दुसरी रांग नीट दिसेल अशा जागी उभ्या राहिल्या. त्यांना कुणी बसा म्हटलं नाही.

"ठरावाच्या बाजूनं?" निहारनं विचारलं.

हात वर गेले. विद्यार्थ्यांचे झटकन गेले, बायकांचे हिरव्या बांगड्या वाजवत गेले, जर्मन जावयाचा सगळ्यांत उंच गेला. भिंतीकडचा एक हात त्या सगळ्यांच्या आधी वर गेलेला होता. बाईंनी तो पाहिला. आज बाही राखाडी होती, मनगट बारीक झालेलं, आणि कोपर सरळ, वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या मुलासारखं.

निहारनं एक एक हात मोजला, मग ईप्सितानं मोजला, आणि दोघांचा आकडा जुळला. विरोधात एकही नव्हता. "मंजूर," निहार म्हणाला, आणि या वेळी टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कुणालाच कळेना. हात भराभर खाली आले. एक सोडून.

"काका, झालं मोजून," निहार म्हणाला. "हात खाली घ्या आता."

"तुझं मोजून झालं," श्यामकांतराव म्हणाले. त्यांनी मान वळवून मधल्या वाटेकडे पाहिलं. "हिचं बघून झालं का ते विचार."

सगळं सभागृह वळून सुलेखाबाईंकडे बघायला लागलं. त्यांनी पदरानं डोळे टिपले, मग हाताची घडी घातली, आणि शिष्याची परीक्षा घेतात तशा स्वरात म्हणाल्या,

"अजून नाही."

श्यामकांतरावांनी हात तसाच वर ठेवला.